तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्हीवरची रॅकेट दुकानात मिळते का?

मी रॅकेट्सचं गटिंग करतो, म्हणजे रॅकेटमध्ये गट (चेंडू ज्यांवर लागतो त्या तारा) बसवून ताणतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडं हमखास येतो. "काका, जोकोविचच्या हातात असते ती हेड कंपनीची स्पीड रॅकेट आणि आपल्याला मिळते ती स्पीड एकच काय?" त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "ऑनलाइन एकजण प्रो स्टॉक विकायलाय. खरी असंल काय? घेऊ काय?" प्रत्येकाला उभ्याउभ्या दोन वाक्यांत उत्तर देतो, पण तेवढ्यानं भागत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बहुतेक वेळा एकच नसते. रंग तोच, नाव तेच, पण आतली फ्रेम वेगळी. कंपन्या करारातल्या खेळाडूंसाठी ज्या फ्रेम स्वतंत्रपणे बनवतात त्यांना प्रो स्टॉक म्हणतात. त्या दुकानात येत नाहीत. त्यांच्यावर यंदा विक्रीला असलेल्या मॉडेलचा रंग चढवतात, तो पेंट जॉब. जोकोविचची फ्रेम पीटी११३बी या नावानं ओळखली जाते. तिचं डोकं ९५ चौरस इंचांचं आणि गटाची वीण १८ बाय १९, म्हणजे १८ उभे गट आणि १९ आडवे. दुकानातली स्पीड प्रो घ्या: डोकं १०० चौरस इंच, वीण १८ बाय २०. म्हणजे फरक रंगाच्या खाली, थेट सांगाड्यात आहे.

यात नियमाचा भंग नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा नियम मापं बघतो: लांबी ७३.७ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, रुंदी ३१.७ पेक्षा जास्त नको, गटाचा पृष्ठभाग ३९.४ बाय २९.२ च्या आत हवा. रॅकेट दुकानात विकायला असलीच पाहिजे अशी अट त्यात नाही.

फरक नेमका कुठं पडतो? रेझिन लावलेल्या कार्बनच्या पातळ थरांची नळी करतात, ती साच्यात बसवतात, आतून हवेचा दाब देऊन तापवतात. साचा ठरवतो बाहेरचा आकार. थर किती, कुठल्या दिशेनं आणि कुठं जाड घातले, यावर फ्रेमचा ताठपणा आणि वजनाची वाटणी ठरते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, फाउंड्रीत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हे समजवावं लागत नाही. पॅटर्न एकच असला तरी ओतताना ग्रेड बदलली की कास्टिंग वेगळं वागतं, तसंच हे. म्हणून "साचा सेम आहे" एवढं ऐकून खूश होऊ नका.

खेळाडू जुन्या फ्रेमला एवढे का चिकटतात, हा मला या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. चौदा-पंधराव्या वर्षापासून हाताला एक वजन, एक लवचिकता, चेंडू सुटण्याचा एक कोन माहीत झालेला असतो. कंपनीला दर दोन-तीन वर्षांनी नवं मॉडेल विकायचं असतं, खेळाडूला मात्र काहीच बदलायला नको असतं. पेंट जॉब हा त्या दोघांतला समझोता. नदालचं उदाहरण घ्या. बॅबोलॅटची एरोप्रो ड्राइव्ह नंतर प्युअर एरो झाली, रंग बदलत गेले, पण त्यानं आपली मूळची एरोप्रो ड्राइव्ह सोडली नाही. पुढच्या मॉडेल्समध्ये दांड्याच्या वर कॉर्टेक्स नावाचा कंप शोषणारा भाग आला, तर नदालच्या फ्रेमवर त्या जागी नुसता रंग होता. अँडी मरेच्या हातात हेडची रॅडिकल दिसायची, पण आत हेडच्या जुन्या प्रो टूर ६३० च्या घराण्यातली पीटी५७ए होती.

आणि सॅम्प्रस! विल्सनची प्रो स्टाफ, डोकं अवघं ८५ चौरस इंच. ही फ्रेम वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या ठिकाणी बनली, त्यात कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरचा कारखानाही होता. सॅम्प्रसला तिथलीच फ्रेम लागायची. त्यावर शिशाची पट्टी लावून तो ती चांगलीच जड करून घ्यायचा. १९९० ते २००२ या काळात १४ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं त्यानं याच मॉडेलवर मिळवली. हे वाचून सेंट व्हिन्सेंटच्या मातीत जादू आहे असं कुणाला वाटेल. मला त्यात दिसतो तो एका माणसाचा हट्ट: हाताला कळलेली गोष्ट बदलायची नाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर दुकानातला सगळा माल खोटा असा समज व्हायचा. फेडरर २०१४ मध्ये ९० चौरस इंचांवरून ९७ वर आला आणि विल्सननं त्याच्या सहीची आरएफ९७ बाजारात आणली. बिनगटाची ३४० ग्रॅम. ती खरोखर त्याच्या खेळायच्या फ्रेमच्या अगदी जवळची होती. हौशी खेळाडूंनी ती घेतली, आणि दुसऱ्या सेटला खांदा बोलायला लागल्यावर अनेकांनी विकली. फ्रेम अस्सल असणं आणि ती आपल्याला झेपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ओळखायचं कसं. रंगाकडं बघूच नका, आधी फ्रेममधली गट ओवायची भोकं मोजा. रंग कुणीही मारेल, पण भोकं एकदा पाडली की हलवता येत नाहीत. उभे गट १६ की १८, आडवे १८, १९ की २०, हे चांगल्या फोटोतही मोजता येतं. सामन्याच्या वेळी खेळाडू दोन पॉइंटच्या मध्ये बोटांनी गट सरळ करत असतो, त्या क्षणाचा फोटो शोधा, सगळं स्पष्ट दिसतं. मग थ्रोटच्या, म्हणजे डोकं आणि मूठ यांच्या मधल्या दुभंगलेल्या भागाच्या, वरच्या आडव्या पुलावर या: तिथून किती उभे गट खाली उतरतात, सहा की आठ? दोन फ्रेमची एकूण वीण सारखी असली तरी इथं फरक सापडू शकतो. त्यानंतर फ्रेम कडेनं बघा. जाडी सगळीकडं सारखी आहे की मध्ये फुगलीय? छेद चौकोनी पेटीसारखा आहे की गोलसर? शेवटी बंपर (डोक्याच्या कडेवरची प्लास्टिकची संरक्षक पट्टी) आणि ग्रोमेट (भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्या). दुकानातल्या मॉडेलची ग्रोमेट पट्टी त्या फ्रेमवर नीट बसत नसेल, तर साचा वेगळा आहे हे पक्कं. माझ्यासारख्या गटिंग करणाऱ्याला हे लगेच कळतं, कारण पट्टी बदलताना खोटेपणा चालत नाही.

फ्रेमवर छापलेल्या कोडचं काय? विल्सनची एच२२ प्रसिद्ध आहे, तिच्यावर ब्लेडसह वेगवेगळ्या मॉडेल्सचे रंग चढलेत. हेडच्या फ्रेमना टीजीटीनं सुरू होणारे क्रमांक असतात. पण कोड म्हणजे शेवटी छापलेली चार अक्षरं. विक्रेता कोडचाच फोटो पुढं करून भोकांचा, कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर मी पुढं जात नाही. स्वस्तातल्या बनावट रॅकेट्सही प्रो स्टॉक म्हणून खपवल्या जातात. "दुकानातल्यापेक्षा वेगळी दिसते, कारण प्रो स्टॉक आहे" हे वाक्य बनावट मालाला फार सोयीचं आहे.

ओळख पटली की तुलना, आणि इथं बहुतेकांची गफलत होते ती गटाची. कंपनी फ्रेमवर छापते ते वजन बिनगटाचं. विक्रेता सांगतो ते बऱ्याचदा गट, ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची जादा पट्टी), डॅम्पनर (गटात अडकवायचा छोटा रबर) सगळं धरून. गटाचं वजन साधारण १५ ते १८ ग्रॅम, ओव्हरग्रिप पाच-सहा, डॅम्पनर दोन-तीन. म्हणजे ३०० ग्रॅमची साधी रॅकेट तयार होऊन काट्यावर ३२५ च्या आसपास जाते आणि कुणीतरी म्हणतं, "बघा, प्रोची आहे, जड आहे." गटामुळं बॅलन्स, म्हणजे रॅकेट जिथं तोलली जाते तो बिंदू, सुमारे एक सेंटीमीटर पुढं सरकतो आणि स्विंगवेट, म्हणजे फिरवताना रॅकेट किती जड लागते ते, जवळपास ३० नं वाढतं. दोन्ही रॅकेट्स एक तर बिनगटाच्या मोजा, नाहीतर एकाच गटानं, एकाच ताणावर.

वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा चालतो, पण गुजरीत कुणी ओळखीचा सराफ असेल तर त्याच्या काट्यावर ठेवा, ग्रॅमचाही अंश कळतो. काटा तेवढा मोठा हवा, अंगठीचा नको. बॅलन्ससाठी पट्टीच्या कडेवर रॅकेट आडवी तोलायची आणि मुठीच्या टोकापासून सेंटीमीटरमध्ये अंतर मोजायचं.

स्विंगवेट मला सगळ्यात जास्त बोलकं वाटतं. यंत्र नसलं तरी ते काढता येतं. रॅकेट मुठीच्या टोकाशी आधार देऊन डोकं खाली करून टांगायची, झोका अगदी छोटा द्यायचा आणि मोबाइलवर दहा झोक्यांचा वेळ घ्यायचा. जाऊन परत आली की एक झोका. एका झोक्याच्या वेळेचा वर्ग, गुणिले किलोमधलं वजन, गुणिले सेंटीमीटरमधला बॅलन्स, गुणिले २४.८५. आलेल्या आकड्यातून वजा करायचं ते असं: बॅलन्सची वीसपट, त्यातून १०० कमी, त्याला वजनानं गुणायचं. समजा गटासह ०.३४० किलो, बॅलन्स ३२ सेंटीमीटर, दहा झोके १३.८ सेकंदांत. उत्तर येतं ३३१. तेच दहा झोके १३.९ सेकंदांत झाले तर ३३९. सेकंदाच्या दहाव्या भागात एवढा फरक पडतो, म्हणून पुन्हा पुन्हा मोजून सरासरी घ्या आणि दोन्ही रॅकेट्स एकाच पद्धतीनं टांगा. दुकानातल्या ३०० ग्रॅमच्या फ्रेमचं स्विंगवेट गटासह ३१० ते ३२५ च्या दरम्यान सापडतं. व्यावसायिक पुरुष खेळाडूंपैकी अनेकांचं ३३० च्या वर, काहींचं ३५० च्याही पुढं. मैदानावर जाणवतो तो हा फरक. ताठपणा मोजायला मात्र यंत्रच लागतं, अंदाजानं सांगणाऱ्यावर विसंबू नका.

अजून एक गोष्ट. एकाच कोडच्या दोन प्रो स्टॉक सारख्या असतीलच असं नाही. खेळाडूकडं जाण्याआधी त्या कारागिराच्या हाताखालून जातात: मुठीत सिलिकॉन, बंपरखाली शिसं, सिंथेटिकऐवजी चामड्याची ग्रिप. डोक्याच्या अगदी वरच्या टोकाला फक्त ३ ग्रॅम शिसं लावलं तर स्विंगवेट सुमारे १० नं वाढतं. तेच तीन ग्रॅम दोन बाजूंना, तीन आणि नऊ वाजताच्या जागी लावलं तर वाढ पाच-सहाच. मुठीत घातलं तर वजन वाढतं, बॅलन्स मागं येतो, स्विंगवेट जवळपास जागच्या जागी. म्हणून वापरलेली प्रो स्टॉक घेताना बंपर उचलून बघितल्याशिवाय तिच्या आकड्यांची तुलना कशाशीच करू नका. तो आकडा फ्रेमचा नसतो, त्या खेळाडूच्या मागणीचा असतो.

आता राहिलं "घेऊ काय?" २०२२ साली विम्बल्डनमध्ये पहिल्यांदा १४ वर्षांखालच्यांची स्पर्धा झाली आणि त्यात आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव खेळली. तालमींच्या आणि फुटबॉलच्या या गावात टेनिसकडं मुलं वळताना बघून मला मनापासून आनंद होतो. म्हणूनच पालकांना स्पष्ट सांगतो: वाढत्या वयाच्या मुलासाठी प्रो स्टॉक घेऊ नका. मनगट, कोपर, खांदा अजून घडतोय, आणि या फ्रेम पूर्ण ताकदीच्या माणसासाठी, रोज तासन्‌तास खेळणाऱ्यासाठी बांधलेल्या आहेत. त्या पैशात दुकानातल्या एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट्स घ्या. कारखान्यातून येतानाच त्यांच्यात काही ग्रॅमचा फरक असतो; हलकीला शिसं लावून आपण त्या जुळवू शकतो. मॅचमध्ये गट तुटल्यावर दुसरी रॅकेट हातात तशीच लागली पाहिजे, मुलाला याचा फायदा कितीतरी जास्त होतो. उरलेले पैसे गटावर घाला. मुलं गट तुटेपर्यंत वापरतात, पण पॉलिस्टर गट तुटण्याच्या खूप आधी मेलेला असतो.

मोठ्या माणसाची गोष्ट वेगळी. स्ट्रोक पूर्ण आहे, सध्याची रॅकेट फार ताठ वाटते, जुन्या चालीची मऊ, बारीक कडेची फ्रेम हवी आहे आणि आजच्या बाजारात ती सापडत नाही, तर प्रो स्टॉकचा विचार जरूर करा. पीटी५७ए सारख्या फ्रेमवर चेंडू गटावर जेवढा वेळ राहिल्यासारखा वाटतो, तो अनुभव मला आजच्या ताठ फ्रेमवर मिळत नाही. मात्र पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून मागून घ्या: गट काढलेल्या फ्रेमचे समोरून, कडेनं आणि थ्रोटचे फोटो, बंपर उचलल्यावरचा फोटो, वजन, बॅलन्स आणि दहा झोक्यांचा वेळ. हे आले की फोटो आणि आकडे मला पाठवा, किंवा तुमची आत्ताची रॅकेट घेऊन दुकानात या. तिचेही गट काढून दोन्हींचे आकडे शेजारी मांडू, आणि मगच पैसे पाठवायचे की नाही ते ठरवा.