जुलैतला थंडगार टोफू

त्सुयु संपला. त्सुयु म्हणजे इथला, जपानमधला, जून-जुलैचा पावसाळा. आपल्याकडे पावसाने हवा गार होते, इथे मात्र पाऊस गेल्यावर खरा उकाडा सुरू होतो. पारा 35 अंशांना टेकला की त्या दिवसाला 'मोशोबी' म्हणतात, आणि ज्या रात्री तो 25च्या खाली उतरतच नाही ती रात्र 'नेत्ताइया'. गेल्या आठवड्यात दोन्ही शब्द रोज ऐकले. संध्याकाळी तोक्योच्या मेट्रोतल्या तोझाई लाईनच्या गर्दीतून निशी-कासाईला उतरून घरी पोचेपर्यंत पाठीला कुडता चिकटलेला असतो, आणि आमच्या हातभर स्वयंपाकघरात गॅस पेटवायच्या नुसत्या विचाराने जीव नकोसा होतो.

अशा दिवसांत आमच्या घरी हियायाक्को असतो. आठवड्यातून तीनदा तरी.

'हिया' म्हणजे थंड. 'याक्को' म्हणजे एदो काळातले (सतरावं ते एकोणिसावं शतक) सामुराईंचे चाकर. त्यांच्या अंगरख्याच्या बाह्यांवर मोठं चौकोनी चिन्ह असायचं, म्हणून टोफूच्या तशाच चौकोनी तुकड्यांना त्यांचं नाव मिळालं. पदार्थ सांगायला एक वाक्य पुरतं: थंड टोफू, वर किसलेलं आलं, कांद्याची पात आणि सोया सॉस. 1782 साली ओसाकात टोफूच्या शंभर पाककृतींचं एक पुस्तक निघालं होतं. त्यात काही प्रकारांची फक्त नावं दिली होती, कारण ते सगळ्यांनाच येतात, कृती काय लिहायची! हियायाक्को त्याच वळणाचा आहे. तरीही मी त्याच्यावर एवढं लिहायला बसले आहे, कारण तो मला नीट कळायला दोन वर्षं लागली.

पहिल्यांदा खाल्ला तो ऑफिसच्या मंडळींबरोबर, एका इझाकायात, म्हणजे इथल्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यात. मी शाकाहारी म्हणून कुणीतरी मायेने मागवला. दोन मिनिटांत समोर आला, पांढराशुभ्र, आणि वर तपकिरी पापुद्रे वाऱ्यावर हलावेत तसे हलत होते. ते पापुद्रे म्हणजे कात्सुओबुशी, धुरावलेल्या वाळक्या माशाचा कीस. मी बाजूला सारला तर सगळे ओशाळले. तेव्हापासून एक वाक्य पाठ केलंय, इकडे येणाऱ्या शाकाहाऱ्यांनीही करून ठेवा: 'कात्सुओबुशी नुकी दे', म्हणजे कात्सुओबुशी न घालता. दुसऱ्यांदा तसा मागवून खाल्ला आणि मनात आलं, याला चवच नाही. मग घरी आणलेल्या टोफूचं मी वर्षभर पनीर करत राहिले. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही, गरम मसाला, वरून कसुरी मेथी. वाईट लागायचं नाही, पण त्यात टोफू असला काय नि नसला काय, फरक पडायचा नाही.

पनीर आणि टोफू दिसायला भावंडं, पण स्वभाव वेगळे. पनीरसाठी दूध आंबट घालून फाडतात. टोफूसाठी सोयाबीन रात्रभर भिजवून, वाटून, उकळून, गाळून दूध काढतात, आणि ते निगारीने गोठवतात. निगारी म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारं कडवट पाणी, त्यात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असतं. गाळणीवर राहिलेला चोथा म्हणजे ओकारा, त्याचीही इथे गाजर-बिजर घालून भाजी करतात.

आईने फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला होता, "म्हणजे कच्चंच खाता व्हय?" नाही आई, दूध उकळलेलं असतं. कच्चं सोयाबीन पचत नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

दुकानात दोन प्रकार दिसतात. मोमेन म्हणजे सुती: गोठलेलं मोडून कापड घातलेल्या साच्यात दाबतात, पाणी निथळतं, टोफू घट्ट होतो आणि अंगावर कापडाची वीण उमटते. किनुगोशी म्हणजे रेशमी. रेशमातून गाळलेला असा शब्दाचा अर्थ, पण रेशमाचा संबंध नाही. दाट दूध साच्यातच गोठवतात, दाबत नाहीत, म्हणून तो खरवसासारखा थरथरतो. प्रथिनं मोमेनमध्ये जास्त, शंभर ग्रॅमला साधारण 7 ग्रॅम, किनुगोशीत 5च्या आसपास. हियायाक्कोसाठी मी किनुगोशीच घेते. खरवस आवडणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावं लागणार नाही.

आता कृती. दोघांना 300 ग्रॅमचा एक ठोकळा पुरतो. पाकीट फोडून पाणी ओतून द्यायचं, ठोकळा कागदी रुमालात अलगद गुंडाळून फ्रीजमध्ये पंधरा मिनिटं ठेवायचा. ही पायरी गाळू नका. टोफूने पाणी सोडलं की सॉस पातळ होतो आणि मग कितीही ओता, चव लागत नाही. मला टोफू बेचव वाटायचा त्याचं अर्धं कारण हे पाणी होतं.

तोवर सॉस करायचा. चार चहाचे चमचे सोया सॉस, एक चमचा तांदळाचं व्हिनेगर, एक चमचा तिळाचं तेल, दोन चिमटी साखर. त्यात बोटाच्या पेराएवढं आलं किसून, आणि हवी तर अर्धी पाकळी लसूण. जुन्या वळणाची जपानी माणसं फक्त सोया सॉस आणि आलं घेतात. तेल-व्हिनेगर ही चिनी पद्धतीकडे झुकणारी तऱ्हा आहे, पण नुसत्या टोफूवर जेवण भागवायचं तर मला तीच बरी वाटते. तेलाबद्दल एक सांगते: इथलं तेल भाजलेल्या तिळाचं, गडद आणि खमंग असतं. आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं, त्याला हा वास नाही. ते वापरणार असाल तर चमचाभर तीळ चांगले तांबूस भाजून, भरडून त्यात घाला.

टोफू ताटलीत ठेवा, सहा तुकडे करा, वर बारीक चिरलेली पात आणि तीळ. सॉस मात्र अगदी खायला बसताना. आधी ओतला तर मीठ पुन्हा पाणी ओढून काढतं. इतकंच. घामाचा एक थेंब गळत नाही.

वर जे घालतात त्याला इथे 'याकुमी' म्हणतात. लिहिताना 'औषध' आणि 'चव' ही दोन अक्षरं जोडून लिहितात. हा शब्द कळला आणि मला आपल्या ताटाची डावी बाजू आठवली. आलं, पात, शिसोची पानं, म्योगाच्या कळ्या. शिसो तुळशीच्या कुळातला, म्योगा आल्याच्या. थंड टोफूवर आलं का, असं ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, पोटाला थंडी बाधू नये म्हणून. आमरसात सुंठ घालणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला याहून अधिक काय समजावून सांगायचं!

सॉसच्या बाटल्या घेताना शाकाहाऱ्यांनी जपावं. साधा शोयु, म्हणजे जपानी सोया सॉस, सोयाबीन, गहू, मीठ आणि कोजीची बुरशी यांचा, त्यात अडचण नाही. पण टोफूसाठी म्हणून विकतात त्या तयार सॉसांत आणि मेनत्सुयुमध्ये, म्हणजे नूडल्ससाठीच्या तयार सॉसमध्ये, बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. मी बाटलीमागे 'कात्सुओ' शोधते. चवीला ती खोली हवीच असेल तर कोंबू या समुद्री शेवाळाचा बोटभर तुकडा शोयुमध्ये रात्रभर बुडवून ठेवते. 1908 साली तोक्योच्या विद्यापीठात किकुनाए इकेदा यांनी याच कोंबूमधून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. शोयुमध्येही ती चव भरपूर असते, कारण महिनोन्महिने मुरताना सोयाबीनमधली प्रथिनं फुटून ती तयार होते.

आणि इथेच मला हा पदार्थ खरा कळला. खाली सोयाबीन, वर सोयाबीन. एक रात्रभर भिजलेलं, दुसरं महिनोन्महिने मुरलेलं. एकाच शेंगेतले दाणे, एक जवळजवळ मुका, दुसरा नुसता बोलका, आणि ताटलीत एकमेकांना भेटवले की दोघांना अर्थ येतो. मसाल्याखाली मी यातल्या पहिल्याला वर्षभर बोलूच दिलं नव्हतं.

मी लातूरकडची. आमच्या शेतात खरिपाला सोयाबीन असतं. पेरणीपासून आडतीपर्यंत घरात बोलणं त्याचंच: पाऊस लांबला, शेंग भरली नाही, यलो मोझॅक पडला, भाव काय निघाला. पण ते आमच्या ताटात कधीच आलं नाही. दाणे तेल काढायला जायचे, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. ज्या पिकावर माझं शिक्षण झालं त्याची चव मी पहिल्यांदा घेतली ती घरापासून हजारो किलोमीटरवर. या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

परवा व्हिडिओ कॉलवर ताटली दाखवली. अण्णा चष्मा लावून फोनच्या अगदी जवळ आले.

"हे आपल्या सोयाबीनचं? इतकं पांढरं?"

"हो अण्णा. वरचं काळं पाणीबी सोयाबीनचंच."

थोडा वेळ बघत राहिले. मग भावाबद्दल विचारतील असं वाटलं होतं, ते म्हणाले, "वाण कोणता हाय?"

मला माहीत नव्हतं. इथे लागणारं बहुतेक सोयाबीन बाहेरच्या देशांतून येतं एवढंच ठाऊक होतं. मी उठून कचऱ्याच्या पिशवीतून पाकीट काढलं, पुसलं, बारीक अक्षरं अक्षर-अक्षर जुळवत वाचली. देशी सोयाबीन, क्यूशूतल्या सागा प्रांतातलं. खाली वाणाचं नाव छापलेलं होतं.

"फुकुयुताका," मी सांगितलं.

"पुन्हा सांग."

"फु-कु-यु-ता-का."

अण्णांनी आईकडून पेन मागून घेतलं, भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवलं आणि जुलैच्या पानावर, त्यांच्या जेएस 335 या वाणाच्या पेरणीची तारीख लिहिलेली होती तिच्या शेजारी, ते नाव लिहून ठेवलं.