ॲपेंडिक्स 'कॉम्प्लिकेटेड' आहे, हे ठरवतं कोण?

दुर्बिणीतून ॲपेंडिक्स काढायच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. बेंबीपाशी एक पोर्ट (अवजारं आत घालायची नळी), आणखी दोन लहान पोर्ट, पोटात साधारण १२ मिलिमीटर पारा दाबाने गॅस. सीकमवरच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागावरच्या) टीनिया, म्हणजे स्नायूंच्या पट्ट्या, जिथे एकत्र येतात तिथे ॲपेंडिक्सचं मूळ. धमनी बंद करायची, बुंधा बांधायचा, कापलेला तुकडा पिशवीत घालून बाहेर. खरा फरक पडतो तो पडद्यावर दिसणाऱ्या चित्राला सर्जन काय नाव देतो त्याने: साधं, की 'कॉम्प्लिकेटेड', म्हणजे भिंत मेलेलं, फुटलेलं किंवा पू झालेलं.

सगळ्यात जास्त घोळ 'गँग्रीन' (भिंत मरणं) या शब्दाचा. भोक दिसलं तर फारसा वाद नसतो. पण जांभळट-करडा डाग म्हणजे मेलेली भिंत की नुसतं साकळलेलं रक्त? कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स नीट केलेला नसेल तर रंगच फसवतो. गढूळ पाणी कुणाला 'पू' दिसतो, कुणाला नाही. तीच चित्रफीत वेगवेगळ्या सर्जनना दाखवली तर ग्रेड वेगवेगळे येतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. कधी तर भोक ग्रास्परने (पकडायच्या चिमट्याने) ओढताना पडलेलं असतं आणि ऑपरेशनच्या नोटमध्ये 'परफोरेटेड' (आधीच फुटलेलं) अशी नोंद होते.

ही नोंद पुढचं सगळं ठरवते. साधं ॲपेंडिक्स असेल तर ऑपरेशननंतर अँटिबायोटिकची गरज नसते. कॉम्प्लिकेटेड असेल तर सहसा ३ ते ५ दिवस. जास्त धरलं तर विनाकारण सलाइन आणि मुक्काम, कमी धरलं तर पोटात गळू व्हायची भीती. बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत हा निर्णय होऊन गेलेला असतो. म्हणून मला मुलांच्या शस्त्रक्रियेत वापरली जाणारी व्याख्या आवडते: भिंतीत डोळ्यांना दिसणारं भोक, किंवा पोटात मोकळा पडलेला फीकॅलिथ (ॲपेंडिक्समधला विष्ठेचा खडा). एवढं असेल तरच परफोरेशन.

बुंध्याचा निर्णय मात्र डोळ्यांपेक्षा हाताचा. मूळ निरोगी असेल तर एंडोलूप (आवळायचा दोऱ्याचा फास) पुरतो. मूळच सुजून मऊ झालं असेल तर लूप आवळताना दोरा लोण्यातून जावा तसा आरपार जातो. तिथे स्टेपलर (पिना मारून कापणारं अवजार) घेऊन सीकमची थोडी निरोगी कडही त्यात धरावी लागते. सुजेच्या गर्दीत मूळ सापडल्याचा भास होतो आणि लांब बुंधा मागे राहतो. तो ५ मिलिमीटरपेक्षा लहान असावा, नाहीतर उरलेल्या भागालाच पुन्हा सूज येऊ शकते. टीनिया शेवटपर्यंत दिसल्याशिवाय बांधू नये, हा त्यावरचा साधा उपाय.

पोट धुणं आणि ड्रेन (पाणी बाहेर काढायला पोटात ठेवलेली नळी) यांत सवयीचा वाटा मोठा. पू शोषून घेण्याऐवजी लिटरभर सलाइनने पोट धुतल्याने गळू कमी होतात असं चाचण्यांत दिसलेलं नाही, ड्रेनचंही तेच. तरी 'असू दे' म्हणून नळी ठेवली जाते.

आणि ॲपेंडिक्स चांगलंच दिसलं तर? आधी शेवटचं लहान आतडं मागे मागे तपासून मेकेल्स डायव्हर्टिक्युलम (आतड्याला जन्मतः असलेली पिशवी) आहे का पाहावं, बाईचं पोट असेल तर अंडाशय आणि बीजवाहक नळ्या. दुसरं कारण सापडलं नाही आणि दुखणं खरं असेल, तर बहुतेक जण काढतात, कारण सूज आतल्या अस्तरापासून सुरू होते आणि बाहेरून दिसत नाही. नोटमध्ये मात्र 'सूज होती' असं न लिहिता 'बाहेरून नॉर्मल, लक्षणांमुळे काढलं' असंच लिहावं.