गळलेली संत्री आणि लाल घागर

ऑगस्टात आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की आमच्या वरुडकडच्या बागांत हिरवी संत्री झाडाखाली पडून सडतात. बाबा ती टोपल्यानं उचलून बांधावर टाकतात. पाण्यातलं लोह तपासण्याच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी त्यातलीच दोन किलो पिशवीत भरली, तेव्हा आई म्हणाली, "काऊन रे, बजारात चांगले नाई भेटत का?"

रस गाळून टेफ्लॉनच्या अस्तराच्या स्टीलच्या भांड्यात ओतला. भांडं काठोकाठ भरायचं नाही, आत दाब वाढतो. 180 अंशांवर सहा तास ठेवायचं होतं. चौथ्या तासाला लाइन गेली. दुसऱ्या दिवशी नवा रस, पुन्हा पहिल्यापासून. भांडं गार झाल्यावर उघडलं तर आत काळपट पाणी, वास गुऱ्हाळात पाक करपल्यासारखा. 365 नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली धरलं आणि ते निळंशार चमकलं.

हेच कार्बन डॉट्स, दहा नॅनोमीटरहून बारीक कण. 2004 मध्ये कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या शुद्ध करताना ते योगायोगानं सापडले. मी नाचायचाच बाकी होतो, पण सर म्हणाले, "आधी डायलिसिस कर." रस तापताना तयार होणारे साधे रेणूही असेच चमकतात. म्हणून द्रावण लहान रेणूच बाहेर सोडणाऱ्या पातळ पिशवीत भरलं, दोन दिवस ती पाण्यात ठेवली, बाहेरचं पाणी बदलत राहिलो. निम्मी चमक त्या पाण्याबरोबर गेली. उरली ती माझी. त्यातही नुसतं पाणी भरलेली एक नळी चमकत होती. ती मी कपड्याच्या पावडरनं धुतली होती! पांढरं बनियन टॉर्चखाली उजळतं ते त्याच पावडरीतल्या द्रव्यामुळे.

फेरिक लोह, म्हणजे गंजात असतं त्या रूपातलं लोह, मिसळलं की ही चमक विझत जाते, यावरच सगळी तपासणी. फेरिक क्लोराइडच्या द्रावणांवर आलेख सरळ आला. मग घरच्या बोअरचं पाणी आणलं. त्याच्या घागरीला आतून लाल थर बसतो, म्हणजे लोह आहेच. पण चमक जशीच्या तशी! आठवडाभर मी माझ्या डॉट्सना दोष देत होतो.

रविवारी घरी आईजवळ रडगाणं गायलो. ती म्हणाली, "हापशाचं पाणी आलं तवा काचेवानी असते. रातभर ठेवलं का मंग लाल होते."

तिथंच उलगडलं. जमिनीखाली हवा नसते, तिथलं लोह फेरस रूपात विरघळलेलं असतं. माझे डॉट्स त्याला जवळजवळ दाद देत नव्हते. हवा लागली की ते फेरिक होतं आणि गंजासारखं तळाशी बसतं, म्हणजे शिळ्या पाण्याच्या वरच्या निवळीतही सापडत नाही.

आता नमुना हापशाजवळच घेतो, लगेच नायट्रिक आम्लाचे थेंब टाकतो म्हणजे लोह खाली बसत नाही. प्रयोगशाळेत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून फेरसचं फेरिक करतो, उरलेलं पेरॉक्साइड उकळून घालवतो. पण आम्लानं डॉट्सची चमक आपोआपही उतरते, म्हणून आम्लता स्थिर ठेवणारं बफर घालतो आणि तुलनेच्या कोऱ्या पाण्यातही तेवढंच आम्ल. हे नीट जमायला तीन आठवडे गेले. त्यानंतर घरच्या पाण्यात चमक ठळक उतरली.

शेजारच्या काकांनी विचारलं, "फवारणीचं औषध दिसते का यात?" म्हटलं, नाही काका, हे फक्त लोहासाठी बसवलंय. त्यांनी तरी बाटली भरून दिलीच. तिच्यावर त्यांचं नाव चिकटवून ती फ्रीजमध्ये ठेवली आहे.