तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री एसी चालू कशासाठी?

औषधांच्या कारखान्यातील हवेची यंत्रणा सांभाळणे हे माझे काम आहे, असे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: रात्री उत्पादन थांबते, माणसे घरी जातात, तरी तुमचा एसी चालूच का? अशा कारखान्याच्या वीजबिलात या यंत्रणेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे प्रश्न रास्त आहे.

ती यंत्रणा मुळात माणसांच्या गारव्यासाठी नसतेच. जिथे निर्जंतुक इंजेक्शने भरली जातात, तिथला दाब शेजारच्या, स्वच्छतेच्या खालच्या श्रेणीतल्या खोलीपेक्षा किमान १० पास्कल अधिक असावा, असे युरोपीय नियमावली सुचवते. १० पास्कल म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर पाण्याचा दाब. पण तेवढ्यानेही दाराच्या फटीतून हवा सतत बाहेरच वाहत राहते आणि बाहेरची धूळ आत शिरत नाही. फटीशी धूर सोडून पाहिला, तर तो आतून बाहेर ओढला जाताना स्पष्ट दिसतो. ब्लोअर बंद पडला की दाबमापकाचा काटा पाहता पाहता शून्यावर येतो आणि मग त्या फटीवर कुणाचाच पहारा उरत नाही. गोळ्यांच्या विभागात रचना बहुधा उलटी असते: तिथे औषधाची भुकटी उडते, म्हणून कॉरिडॉरमध्ये दाब जास्त आणि खोलीत कमी ठेवतात, जेणेकरून एका औषधाचा कण दुसऱ्यात जाऊ नये. पेनिसिलिनची तर सगळी यंत्रणाच वेगळी लागते, कारण ॲलर्जी असलेल्या रुग्णाला त्याचा अंशही जिवावर बेतू शकतो.

दमटपणाचे काम त्याहून चिवट आहे. हवेतले पाणी काढण्यासाठी ती आधी गरजेपेक्षा कितीतरी जास्त थंड करावी लागते आणि नंतर पुन्हा तापवावी लागते. पाहणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते, पण पाण्यात फसफसणारी गोळी दमट हवेत पाकिटात जाण्याआधीच बिघडू लागते. रात्रभर यंत्रणा बंद ठेवली, तर हीच ओल भिंतींवर आणि डक्टमध्ये बसते, तिथे बुरशी धरते, आणि सकाळी तापमान चटकन जागेवर आले तरी खोली स्वच्छ आहे असे म्हणता येत नाही.

म्हणून रात्रीही पूर्ण वेगानेच चालवावी, असे मात्र मी म्हणणार नाही. पंख्याला लागणारी वीज साधारण वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे वेग २० टक्क्यांनी कमी केला तरी वीज जवळजवळ निम्म्यावर येते. दाबाची दिशा आणि आर्द्रता टिकवून, खोली पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो हे चाचणीने सिद्ध करून, तशी नोंद दप्तरी ठेवली, तर ही बचत निर्धास्त करावी. सुरुवात मात्र निर्जंतुक विभागापासून नको. आधी गोळ्यांच्या पॅकिंगचा विभाग घ्यावा.