अर्जात ‘का’ लिहू नये

इंदूरच्या रामबागेत माझं वह्या-पुस्तकांचं लहानसं दुकान आहे. उधारीची वही वडिलांपासून चालत आलेली. गेल्या वर्षी ती चाळताना लक्षात आलं, सरकारी शाळांतल्या अतिथी (मानधनावरच्या, तात्पुरत्या) शिक्षकांच्या नावापुढची रक्कम पूर्वी महिन्याभरात खोडली जायची, आता तीन-तीन महिने तशीच. त्यात माझी भाचीही. ती वर्ग 3 ची, म्हणजे प्राथमिकच्या श्रेणीतली शिक्षिका; शिकवते तिसरीला. “मामा, मानधन आलं की देते हं,” हे ऐकून ऐकून मला पाठ झालं.

सप्टेंबर 2023 मध्ये भोपाळला मानधन दुप्पट करण्याची घोषणा झाली. वर्ग 3 चे 5,000 चे 10,000. हा आकडा इंदूरात कुणालाही विचारा, सांगेल. पण पैसे खात्यात पडतात कधी? म्हटलं, माहितीचा अधिकार लावून बघू.

पहिला अर्ज तावातावाने लिहिला. हिंदीतच, कारण आमची मराठी घरात आणि गणपतीत. “मानधनाला उशीर का होतो? जबाबदार कोण?” 10 रुपयांचा स्टॅम्प लावला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पंचविसाव्या दिवशी उत्तर आलं की असे प्रश्न ‘सूचना’ (म्हणजे आपली ‘माहिती’) या व्याख्येत बसत नाहीत. चिडलो. मग 2005 चा कायदा उघडून वाचला, तर बाबूचं बरोबर होतं! कार्यालयात जे कागदावर आहे त्याची प्रत मिळते. कारण विचारलं की अर्ज तिथंच संपतो.

दुसऱ्या अर्जात एकही ‘का’ नव्हता. एका संकुलाच्या, म्हणजे शाळांच्या गटाच्या, सहा महिन्यांच्या मानधन बिलांच्या प्रती, बिलं कोषालयात (सरकारी तिजोरीत) गेल्याच्या तारखा आणि आवंटनाचे, म्हणजे वरून निधी वाटून दिल्याचे आदेश, एवढंच. ‘नावं आणि खाते क्रमांक झाकून द्यावेत’ हेही मीच लिहिलं, म्हणजे खाजगी माहितीचं कारण पुढे करायला जागा नको.

30 दिवस उलटले, काही नाही. मग 50 रुपये भरून पहिलं अपील. सुनावणीला अपील ऐकणारे साहेब म्हणाले, “दुकानवाले हो, तुम्हें इससे क्या?” उधारीची गोष्ट अगदी जिभेवर आली होती. पण कलम 6(2) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही, एवढंच म्हणालो. ते हसले आणि आदेश दिला. मुदत टळलेली असल्यामुळे पानामागे 2 रुपयेही द्यावे लागले नाहीत.

41 पानं मिळाली. दुकान बंद करून रात्री ती उधारीच्या वहीशेजारी मांडली. शाळेकडून हजेरी दर महिन्याला वेळेवर गेलेली. आवंटनच तीन महिन्यांचं एकदम आलेलं. वहीत रकमा अडकल्या होत्या ते नेमके हेच तीन महिने. ज्या बाबूंना मी मनात शिव्या घातल्या, त्यांच्याकडे वाटायला पैसेच नव्हते.

भाचीला पानं दाखवली. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या मोहिमेचं 2026-27 चं लक्ष्य तिच्याच तिसरीच्या वर्गाचं, मुलांनी समजून वाचावं हे. “कोणाला किती वाचता येतं ते मी वेळेवर वर पाठवते,” ती म्हणाली, “माझं खाली यायलाच वेळ लागतो.” आवंटनाच्या आदेशांच्या झेरॉक्स तिने तिच्या संघटनेसाठी नेल्या. जाताना 640 रुपये दिले, मी रक्कम खोडली. आणखी दोघा शिक्षकांची अजून बाकी आहे. आता या वर्षाच्या आवंटनासाठी अर्ज लिहायला घेतलाय.