अ‍ॅनोड पिवळा दिसला तर जॉब लावू नका

भोसरीतल्या आमच्या हार्ड क्रोमच्या शॉपमध्ये (विजेने धातूच्या भागांवर क्रोमियमचा कडक थर चढवतो) नवीन मुलगा आला, की मी आधी टाकीतला अ‍ॅनोड (विजेच्या धन टोकाला जोडलेली शिशाची पट्टी) वर काढून दाखवते. चॉकलेटी असेल तर काम सुरू. पिवळा असेल तर जॉब, म्हणजे क्रोम चढवायचा भाग, लावायचा नाही.

टाकीत लिटरमागे साधारण २५० ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड, २.५ ग्रॅम सल्फ्युरिक, तापमान ५५ अंशांच्या आसपास. तिथे लोखंडी अ‍ॅनोड लावला तर तो विरघळून सोल्यूशन नासवतो. शिसं टिकतं, कारण अ‍ॅसिड लागताच ते स्वतःवर थर धरतं. सल्फ्युरिकमध्ये तो लेड सल्फेटचा असतो. १७४६ साली जॉन रोबकने बर्मिंगहॅमला सल्फ्युरिक बनवायला शिशाच्या खोल्या उभारल्या, त्या याच भरवशावर. नायट्रिकमध्ये मात्र होणारा क्षार विरघळून जातो, अंगावर काही उरत नाही, आणि शिसं खाल्लं जातं.

आमच्या टाकीत करंट चालू असताना थर लेड पेरॉक्साइडचा असतो, तोच हा चॉकलेटी रंग. त्यातून वीज जाते, शिवाय जॉबपाशी तयार होणारं त्रिसंयुजी क्रोमियम तो पुन्हा षट्संयुजी, म्हणजे क्रोमिक अ‍ॅसिडमधल्या रूपाचं, करतो. करंट बंद ठेवून अ‍ॅनोड नुसते बुडवून ठेवले, की वर लेड क्रोमेटची पिवळी साय धरते. तिच्यातून वीज जात नाही. मग लांब रॉडवर एकीकडे जाड, एकीकडे पातळ क्रोम चढतो आणि ग्राइंडिंगवाला आपल्याला शिव्या घालतो.

शुद्ध शिसं मऊ असतं, गरम टाकीत लांब पट्टी वाकते. म्हणून साध्या सल्फेट बाथला, म्हणजे आमच्यासारख्या सल्फ्युरिकवाल्या सोल्यूशनला, सहाएक टक्के अँटिमनी घातलेलं शिसं चालतं. फ्लोराइडवाल्या बाथला मात्र सातेक टक्के कथील घातलेलंच हवं. मी सगळीकडे कथीलवालंच घेते, महाग पडलं तरी. भंगार बॅटऱ्यांचं शिसं ओतून अ‍ॅनोड करणारे आहेत. त्यात काय मिसळलंय कुणाला ठाऊक, आणि तो धूर ओतणाऱ्या माणसाच्या छातीत जातो. हे मला अजिबात मान्य नाही.

आमची सुट्टी गुरुवारी. शुक्रवारी सकाळी जॉबच्या जागी डमी पत्रा लावून, करंट चढवून अ‍ॅनोड चॉकलेटी होऊ द्यायचे, मगच जॉब. साय जाड असेल तर अ‍ॅनोड बाहेर काढून ओल्या ब्रशने घासायचे, हातमोजे आणि चष्मा घालून. कोरडं कधीच घासू नका. त्या भुकटीत शिसंही असतं आणि षट्संयुजी क्रोमियमही. धुतलेलं पाणी ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला. दिवाळीसारखी लांब सुट्टी असली तर अ‍ॅनोड टाकीत ठेवतच नाही, धुऊन बाहेर टांगते.