लारुमाची टोपली शिकताना

डॉमिनिका म्हटलं की बहुतेकांना डॉमिनिकन रिपब्लिक आठवतं. हा देश वेगळा. ग्वादलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांच्या मधोमध, डोंगराळ आणि भरपूर पावसाचा. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे, राजधानी रोझोत राहतो. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कलिनागो लोकांचा प्रदेश आहे. युरोपीय येण्याआधीपासून या बेटांवर राहणारे हे लोक. १९०३ मध्ये ब्रिटिशांनी त्यांच्यासाठी सुमारे ३,७०० एकर जमीन राखून ठेवली. ती आजही सगळ्यांची सामाईक आहे.

तिथे सालिबिया गावाच्या रस्त्यालगत टोपल्या विकायला मांडलेल्या असतात. लालसर तपकिरी, पांढुरक्या आणि काळ्या पट्ट्यांची इतकी रेखीव नक्षी की मला ती शिकायचीच होती. टोपल्या विणणाऱ्या एक आजी तयार झाल्या. पण विणकाम लांबच राहिलं, त्यांनी आधी मला डोंगरात नेलं.

टोपल्या ज्याच्या करतात तो लारुमा ओलसर जंगलात वाढतो. सरळसोट, बोरूसारखे हिरवे दांडे. कोवळा दांडा आजी सोडून द्यायच्या, कारण त्याची पट्टी वाळल्यावर आक्रसते. जून झालेला तेवढाच कोयत्याने खालून तोडायचा आणि त्या झुबक्यातले बाकीचे दांडे तसेच राहू द्यायचे. मोळी डोक्यावर घेऊन चिखलातून उतरताना माझी मान भरून आली. आजी मात्र वाटेभर बोलत होत्या.

मग चिरकाम. टोपलीचं खरं कसब इथे आहे असं मला वाटतं. दांड्याच्या टोकाला सुरीने खाच द्यायची आणि पुढे सुरी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी तो फाकवत न्यायचा. एका हाताचा जोर जरा वाढला की चीर त्या बाजूला पळते आणि पट्टी निमुळती होऊन संपते. ‘हाताकडे बघू नकोस, चिरेकडे बघ,’ आजी म्हणायच्या. नंतर आतला मऊ गर खरवडायचा. तो राहिला तर पट्टी दुमडताना मोडते, जास्त खरवडलं तर तिच्यात दम उरत नाही. किती ते बोटांनाच कळायला हवं. माझ्या बोटांना ते फार हळूहळू कळलं.

रंगासाठी बाजारातलं काही लागत नाही. उन्हात वाळलेली साल लालसर तपकिरी होते. वरची साल काढली की पांढुरका रंग मिळतो. काळ्यासाठी पट्ट्या काही दिवस चिखलात पुरून ठेवतात. पावसाच्या बेटावर ऊन धरून ठेवणं सोपं नाही. सर आली की घरातलं लहान-मोठं प्रत्येक जण पट्ट्या उचलायला धावायचं, मीही धावले.

एवढं झाल्यावर एकदाचं विणायला बसले. दोन पट्ट्यांवरून, दोन खालून, असा चौकोनी तळ घालायचा आणि मग बाजू वर वळवायच्या. जुन्या पद्धतीच्या टोपल्या दुहेरी असतात. आतली एक, बाहेरची एक आणि मध्ये बालिझिये नावाच्या रोपाची रुंद पानं. पाणी आत जात नाही. होडीतून समुद्र ओलांडणाऱ्या लोकांना सामान कोरडं ठेवायला असंच काही हवं होतं. याच लारुमाची एक लांब, नळीसारखी जाळीही विणतात. तिच्यात किसलेला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, भरून ती ताणली की विषारी रस पिळून निघतो आणि उरलेल्या चोथ्याची भाकरी करता येते. मला ही नळी टोपलीपेक्षाही अक्कलहुशारीची वस्तू वाटते.

रोझोत वेगळ्याच गवताच्या चटया विणतात. आपण ज्याची मुळं माठात टाकतो, तो वाळा. भारतातलं हे गवत इथे रुजलं आणि इथले लोक त्याच्या पात्यांच्या वेण्या घालून त्या एकमेकींना शिवतात.

बोटीने उतरणारे पर्यटक रस्त्यावर टोपलीची किंमत ऐकून घासाघीस करतात. मला आता ते ऐकवत नाही. जंगलातली पायपीट, चिरणं, खरवडणं, ऊन, चिखल, यातलं काहीही मांडलेल्या टोपलीत दिसत नाही. विणायला बसेपर्यंत निम्म्याहून जास्त श्रम होऊन गेलेले असतात. तुम्ही कधी इथे आलात तर सांगतील ती किंमत द्या आणि शक्यतो विणणाऱ्याच्या हातातूनच घ्या.

माझी टोपली झाली, पण ती झाकणाशिवाय. झाकण टोपलीवर घट्ट बसायला हवं, त्याचं माप आजी नुसत्या नजरेने धरतात. त्यासाठी लागणारे दांडे आम्ही तोडून आणले आहेत, आता ते चिरायचे आहेत.